साठीनंतर नुसते चालणे पुरत नाही

भिलाईच्या पोलाद कारखान्यात साठाव्या वर्षी नोकरी संपते. दुसऱ्या दिवसापासून शिफ्टची पाळी नसते, गेटपर्यंत सायकल किंवा स्कूटर काढायची नसते, शॉपमधले जिने चढायचे नसतात. हा कारखाना उभारण्यासाठी १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्या काळात आणि पुढच्या विस्तारात देशभरातून तरुण येथे आले. त्यांत मराठी कुटुंबेही होती. एकाच सुमारास भरती झालेली माणसे एकाच सुमारास निवृत्त होतात, म्हणून या शहरात वार्धक्यही गटागटाने येते. निवृत्त झालेल्या प्रत्येकाला एक सल्ला हमखास मिळतो: रोज सकाळी चालायला जा. सेक्टरांतले रुंद रस्ते आहेत, जयंती स्टेडियमचा परिसर आहे, मैत्री बाग आहे. चालायला जागेची वाण नाही. सल्ला चुकीचा नाही, पण तो अर्धाच आहे. आठवड्यातून दोन-तीन दिवस स्नायूंना ओझे द्यायला हवे, आणि तेही इतके की शेवटच्या दोन-तीन वेळा उचलताना कष्ट पडावेत. हा उरलेला अर्धा सल्ला साठीनंतर अधिक महत्त्वाचा ठरतो असे मला वाटते, आणि त्यामागची कारणे येथे मांडायची आहेत.

आधी शरीरात काय घडते ते पाहू. २०२१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक लोकांच्या ऊर्जाखर्चाची मोजणी प्रसिद्ध केली. त्यात आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या वृद्धापर्यंत सगळे होते. शरीराचे आकारमान आणि चरबीचे प्रमाण हिशेबात घेतल्यावर असे दिसले की विशीपासून साठीपर्यंत चयापचयाचा वेग जवळजवळ स्थिर राहतो. चाळिशीत पोट सुटले की आपण ‘मेटाबॉलिझम मंदावला’ असे म्हणून मोकळे होतो. या मोजणीत त्याला आधार सापडत नाही. घसरण सुरू होते ती साठीच्या आसपास, वर्षाला सुमारे ०.७ टक्के. म्हणजे कारखान्यातली हालचाल ज्या वयात थांबते, नेमक्या त्याच वयात शरीराचा ऊर्जाखर्चही उतरू लागतो. याच काळात स्नायूंची घटही जाणवू लागते. या घटीला अमेरिकन संशोधक अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस ‘सार्कोपेनिया’ हे नाव दिले आणि २०१६ साली अमेरिकेतल्या आजारांच्या अधिकृत यादीत तिला स्वतःचा संकेतांक मिळाला. स्नायूंचे आकारमान जितके घटते त्याहून त्यांची ताकद अधिक वेगाने घटते. त्यातही जलद आकुंचन पावणारे तंतू आधी बारीक होतात. ठेच लागल्यावर स्वतःला सावरणे, बसल्या जागेवरून झटकन उठणे, बसच्या उंच पायरीवर शरीर खेचून घेणे ही कामे याच तंतूंची असतात.

स्नायूंचा संबंध फक्त ताकदीशी आहे असे समजणे ही मोठी चूक आहे. जेवणानंतर रक्तात आलेली साखर इन्सुलिनच्या मदतीने साठवून घेणारा शरीरातला सर्वांत मोठा अवयवसमूह म्हणजे हाडांना जोडलेले स्नायू. शिवाय स्नायू आकुंचन पावतो तेव्हा तो इन्सुलिनचा आधार न घेताही साखर आत ओढू शकतो. त्यामुळे ज्यांच्या शरीरात इन्सुलिनचा परिणाम कमी झाला आहे, त्यांनाही व्यायामाचा उपयोग होतो. भारतीयांसाठी ही बाब दुप्पट महत्त्वाची आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःची आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांची तुलना छापली होती. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्यावर सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते, हे याज्ञिक यांच्या गटाने पुण्यातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या अभ्यासांतून वारंवार दाखवले आहे. आपली सुरुवातच कमी स्नायूंवर होत असेल, तर साठीनंतरची घट आपल्याला धोक्याच्या रेषेपाशी लवकर नेते. म्हणून ‘माझे वजन बरोबर आहे’ एवढ्यावर समाधान मानणे आपल्याला परवडत नाही.

आता पहिला आक्षेप घेऊ, आणि भिलाईत तो सर्वांत आधी ऐकू येतो: आयुष्यभर भट्टीपाशी राबलो, शरीराला कष्टांची सवय आहे, आता वेगळा व्यायाम कशाला? कष्टाचे काम हृदयाला हितकारक असते, ही समजूत निराधार नाही. १९५३ साली जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून दाखवले की दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा हृदयविकार कमी होतो. पण २०२१ साली कोपनहेगनमधल्या एक लाखाहून अधिक लोकांच्या अभ्यासात वेगळे चित्र दिसले. फावल्या वेळात व्यायाम करणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण कमी होते, तर कामावर खूप अंगमेहनत करणाऱ्यांत ते जास्त होते. उत्पन्न, व्यसने, राहणीमान यांचा फरक संशोधकांनी हिशेबात घेतला, तरी निरीक्षणावर आधारलेल्या अभ्यासात असा फरक पूर्णपणे पुसता येत नाही, हे मान्य केले पाहिजे. तरीही यामागचे एक कारण पटण्यासारखे आहे. व्यायाम थोडा वेळ, जोराचा आणि नंतर विश्रांती असलेला असतो. श्रमाचे काम आठ आठ तास, उष्णतेत, एकाच तऱ्हेने वाकून किंवा उभे राहून आणि पुरेशा विश्रांतीविना चालते. पहिल्याने शरीर घडते, दुसऱ्याने झिजते. शिवाय पूर्वी कमावलेले पुढे शिल्लक राहत नाही. सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवले तेव्हा त्यांच्या पायांतला जवळजवळ एक किलो स्नायूभाग गेला, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आढळले. दहा दिवसांत एवढे जाते, तर दहा वर्षांच्या आरामखुर्चीने काय होईल याचा अंदाज कोणालाही करता येईल. हाच हिशेब घर सांभाळणाऱ्या स्त्रीलाही लागू आहे. घरकामाने ती दमते खरी, पण रोज तेवढेच ओझे, त्याच तऱ्हेने उचलले तर स्नायूंना वाढण्याचे कारण मिळत नाही.

दुसरा आक्षेप: मग रोजचे पाच किलोमीटर चालणे वाया जाते का? मुळीच नाही. चेन्नईतल्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने ५३१ भारतीयांवर केलेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांनी आहार सुधारला आणि नियमित चालणे ठेवले, तेव्हा मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले. हृदय, फुप्फुसे, रक्तदाब, झोप आणि मन यांना चालण्याचा फायदा होतो. पण सपाट रस्त्यावर सवयीच्या वेगाने चालताना मुख्यतः सावकाश काम करणारे तंतू वापरले जातात. जे जलद तंतू वयाबरोबर आधी जातात, त्यांना शरीर मोठ्या जोराची गरज पडल्याशिवाय बोलावत नाही. खांदे, पाठ आणि हात यांना तर चालण्यातून जवळजवळ काहीच मिळत नाही. अमेरिकेतल्या ‘लाइफ’ नावाच्या चाचणीत ७० ते ८९ वर्षांच्या १,६३५ जणांना सरासरी २.६ वर्षे पाहिले गेले. एका गटाला आरोग्याविषयी व्याख्याने मिळाली, दुसऱ्याला चालण्यासोबत ताकदीचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम दिले. न थांबता ४०० मीटर चालण्याची क्षमता पहिल्या गटात ३५.५ टक्के लोकांनी गमावली, दुसऱ्यात ३०.१ टक्के लोकांनी. फरक चमत्काराचा नाही, पण आपल्या पायांनी घराबाहेर पडता येणे ज्याला मोलाचे वाटते त्याच्यासाठी तो मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० च्या शिफारशींत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल, निदान दोन दिवस ताकदीचे व्यायाम आणि वृद्धांसाठी निदान तीन दिवस तोल व ताकद यांचे मिश्र व्यायाम असे एकत्रच सांगितले आहे. आपण त्यातला पहिलाच भाग उचलला.

तिसरा आक्षेप वयाचा: आता या वयात काय होणार? याचे उत्तर संशोधक मारिया फिआतारोने यांनी १९९० साली दिले. बोस्टनच्या वृद्धाश्रमातल्या सरासरी ९० वर्षांच्या दहा जणांना त्यांनी आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा जड व्यायाम दिला. पूर्ण केलेल्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दहा माणसांच्या प्रयोगावर कोणी शंका घेईल म्हणून त्यांनी १९९४ साली शंभर जणांवर रीतसर चाचणी केली. सरासरी वय ८७; व्यायाम केलेल्यांची ताकद ११३ टक्क्यांनी वाढली, चालण्याचा वेग आणि जिना चढण्याचा जोरही वाढला. त्याच चाचणीतली दुसरी गोष्ट विशेष लक्षात ठेवावी: काही जणांना व्यायामाविना फक्त पोषक पेय दिले, त्यांना असा फायदा झाला नाही. डबाबंद पावडर विकत घेऊन व्यायाम टाळता येतो, असे मानणाऱ्यांसाठी हे पुरेसे उत्तर आहे.

चौथा आक्षेप गुडघ्यांचा आहे आणि तो सर्वांत सहानुभूतीने ऐकला पाहिजे, कारण दुखणे खरे असते. गुडघा झिजला म्हणून त्याला आराम द्यावा असे वाटणे स्वाभाविक आहे. पण आरामाने मांडीचा पुढचा स्नायू दुबळा होतो, दुबळ्या स्नायूमुळे सांध्यावर भार अधिक येतो, दुखणे वाढते आणि माणूस आणखी बसून राहतो. गुडघ्याच्या झिजेवर झालेल्या अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा सांगतो की योग्य व्यायामाने दुखणे कमी होते आणि हालचाल सुधारते. म्हणूनच आज बहुतेक मार्गदर्शक सूचनांत व्यायाम हा पहिल्या फळीतला उपचार मानला जातो. हाडांचेही तसेच. पाळी थांबल्यावर स्त्रियांच्या हाडांची घनता वेगाने घटते. हाडे कमजोर झालेल्या १०१ स्त्रियांवर ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लिफ्टमोर’ चाचणीत आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, जड वजने उचलायला लावली. आठ महिन्यांत कण्याच्या हाडांची घनता त्यांच्यात २.९ टक्क्यांनी वाढली आणि घरी हलका व्यायाम करणाऱ्यांत १.२ टक्क्यांनी घटली. हे प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली झाले, म्हणून हाडे ठिसूळ असलेल्यांनी एकट्याने त्याची नक्कल करू नये. छत्तीसगड आणि विदर्भासाठी एक खास सूचना: या भागात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे आणि या आजारात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून तो भाग निकामी होऊ शकतो. तरुण किंवा मध्यम वयात खुबा किंवा जांघ सतत दुखत असेल, तर ‘वात’ म्हणून सोडून न देता सिकलसेलची तपासणी आणि खुब्याची तपासणी आधी करून घ्यावी, व्यायाम त्यानंतर.

आता प्रत्यक्ष कृती. आधी स्वतःची परीक्षा घ्या. भिंतीला टेकवलेल्या, हात नसलेल्या खुर्चीवर बसा, हात छातीवर बांधा आणि पाच वेळा पूर्ण उठून बसा. १२ सेकंद किंवा त्याहून अधिक लागले, तर आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषानुसार पायांची कार्यक्षमता कमी आहे. सहा मीटर अंतर नेहमीच्या चालीने चालायला सहा सेकंदांहून जास्त लागत असतील, तर तीही तशीच खूण आहे. तारीख घालून आकडे लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. व्यायाम पाच-सहाच पुरेत. पहिला, खुर्चीवरून उठबस. सोपी झाली की छातीशी पाण्याने भरलेला पाच लिटरचा कॅन धरून. दुसरा, भिंतीवर हात टेकून जोर. मग ओट्यावर, मग पक्क्या बाकावर. तिसरा, खिडकीच्या गजाला रबरी पट्टा अडकवून कोपरे मागे ओढणे, ज्याने वाकलेली पाठ आणि खांदे सुधारतात. चौथा, पायरीवर एक पाय ठेवून चढणे आणि हळूहळू उतरणे. पाचवा, गजाचा आधार घेऊन टाचा उचलणे. सहावा, दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या घेऊन अंगणात ताठ चालणे. याशिवाय रोज, हाताशी आधार ठेवून, एका पायावर उभे राहण्याचा सराव करा. तोल आणि रोजच्या हालचालींच्या व्यायामांनी पडण्याचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटते असे शंभरावर चाचण्यांचा २०१९ चा आढावा सांगतो.

किती करायचे याचा नियम सोपा आहे. प्रत्येक व्यायाम ८ ते १२ वेळा. पहिले दोन आठवडे एक फेरी, पुढे दोन किंवा तीन. बारा वेळा करूनही ‘अजून पाच सहज जमतील’ असे वाटले तर ओझे वाढवा. आठही जमत नसतील तर कमी करा. उचलताना श्वास सोडा, कधीही कोंडू नका, कारण त्याने रक्तदाब एकदम चढतो. खाली येताना मनात तीन मोजा. एक दिवस व्यायाम, एक दिवस मोकळा. मोकळ्या दिवशी चालणे. दुसऱ्या दिवशी स्नायू जड वाटणे ठीक आहे, सांध्यात टोचणे किंवा सूज येणे ठीक नाही. मे महिन्यात भिलाईत पारा ४४-४५ अंशांकडे जातो तेव्हा चालणे सुटते आणि सोबत सगळाच व्यायाम सुटतो. हे व्यायाम पंख्याखाली, क्वार्टरच्या एका खोलीत होतात, म्हणून उन्हाळ्यातही खंड पडण्याचे कारण नाही. जिम असेल तर उत्तम, पण ती अट नाही. बैठका आणि जोर आपल्या आखाड्यांनी जपले. सूर्यनमस्काराचा प्रसार औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आयुष्यभर केला. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे. ताकदीचा व्यायाम आपल्याला परका नाही. तो फक्त तरुण पोरांसाठी आहे, ही समजूत तेवढी सोडायची आहे.

ओझ्याला आहाराची जोड लागते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने प्रौढांसाठी दिवसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने सुचवली आहेत. वृद्धांसाठी २०१३ सालच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने १ ते १.२ ग्रॅम सांगितली. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. भाताच्या प्रदेशात भाताच्या डोंगरावर पातळ वरण एवढेच ताट असेल तर हा आकडा गाठता येत नाही. भात निम्मा करा, वरण दाट करा, रोज एक उसळ ठेवा. दही, दूध, पनीर, सोयाबीन, मूठभर फुटाणे, चालत असेल तर अंडी आणि मासे, यांतले काहीतरी तिन्ही वेळच्या खाण्यात असू द्या. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत. छातीत दुखणे, चालताना धाप, अलीकडची शस्त्रक्रिया, आटोक्यात नसलेला रक्तदाब, मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्याचा त्रास किंवा कारण नसताना वजन घटणे असेल, तर सेक्टर ९ च्या किंवा तुमच्या सोयीच्या रुग्णालयात तपासणी करूनच सुरुवात करा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी व्यायामाने साखर अचानक उतरू शकते हे डॉक्टरांशी बोलून ठेवावे आणि खिशात साखर बाळगावी.

शेवटचा आक्षेप असा की एवढे करून आयुष्य किती वाढणार? २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या १७ देशांतल्या, भारतासह, सुमारे एक लाख चाळीस हजार लोकांच्या अभ्यासात मुठीची पकड दर ५ किलोंनी कमी असेल तसा मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त आढळला. पकड ही सर्वांगाच्या ताकदीची खूण आहे. नुसता चेंडू दाबत बसल्याने आयुष्य वाढेल असा त्याचा अर्थ नाही, आणि वर्षांची हमी कोणीही देऊ शकत नाही. पण आयुष्य जितके असेल तितक्यात स्वतः उठता येणे, स्वतः अंघोळ करता येणे, बाजारातून पिशवी उचलून आणता येणे हे बऱ्याच अंशी स्नायूंवर ठरते, आणि ते स्नायू नव्वदीतही प्रतिसाद देतात हे सिद्ध झाले आहे. सकाळचा फेरफटका चालूच ठेवा. त्यात आजपासून आठवड्याचे तीन दिवस, वीस वीस मिनिटे, ओझ्यासाठी राखून ठेवा. घरातल्या आजीला आणि आईलाही सोबत घ्या, कारण हाडांची गरज त्यांना अधिक आहे. निवृत्तीचे सोहळे करणाऱ्या संस्थांना आणि ज्येष्ठ नागरिक मंडळांना एक विनंती: शाल आणि श्रीफळाबरोबर एक रबरी पट्टा द्या आणि तो वापरायला शिकवणारा वर्ग महिन्यातून एकदा तरी भरवा.